सांगाडा आणि कवच

मोटारगाडी ही वस्तु कारखान्यांतच जन्मास यावयाची, घरांत नव्हे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरचा मनुष्य फार तर गाडी पुसतो, चाक बदलतो, आणि अधिक हौशी असला तर एंजिनचे प्लग काढून साफ करतो. परंतु इंग्लंडमध्यें असा एक वर्ग होऊन गेला, व लहान प्रमाणांत आजहि तो नांदत आहे, कीं ज्यानें घराच्या मागील खोपटांत, रविवारच्या फुरसतींत, एखाद्या जुन्या गाडीचा सांगाडा उघडा करून त्यावर नवें कवच चढविलें आणि स्वतःच्या हातची गाडी रस्त्यावर आणली. या वर्गांत कारकून होते, शाळामास्तर होते, विद्यार्थी होते, कारखान्यांतील कामगारहि होते. त्यांच्या या उद्योगांतील सर्वांत अवघड, आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद, असा जो भाग, तो म्हणजे एकाचा सांगाडा व दुसऱ्याचें कवच यांचा मेळ घालणें. त्या मेळाची हकीकत हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या छंदाचें मूळ १९२२ सालच्या एका लहानशा गाडींत सांपडतें. हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ली एज नांवाच्या एका अगदीं तरुण आराखडेकारास हाताशीं धरून ‘ऑस्टिन सेव्हन’ ही गाडी सिद्ध केली. मध्यम स्थितींतील कुटुंबास परवडावी हा तिचा हेतु होता, आणि तो इतका सफल झाला कीं १९३९ सालापर्यंत त्या गाडीचे सुमारें २,९०,००० नग बाहेर पडले. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां यांपैकीं असंख्य गाड्या मोडकळीस आलेल्या होत्या. वरचा पत्रा गंजलेला, आंतील लांकूड कुजलेलें. परंतु खालचा सांगाडा, ७४७ घन सेंटिमीटरचें एंजिन आणि चाकें अद्याप कामाचीं होतीं. नव्या गाड्या त्या काळीं बहुतांशीं परदेशीं रवाना होत. देशांत मिळाल्याच तर त्यांवर जबर खरेदीकर बसे. सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेल्या गाडीवर मात्र तो कर पडत नसे. हौसेला काटकसरीची जोड मिळाली म्हणजे ती किती फोफावते याचें हें उत्तम उदाहरण होय. पुढें १९७३ सालीं खरेदीकर रद्द होऊन त्याच्या जागीं मूल्यवर्धित कर आला, तेव्हां ही सवलत संपुष्टांत आली. कॉलिन चॅपमन यांनीं आपली पहिली गाडी १९४८ सालीं अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभारली, आणि त्यांतूनच पुढें जगप्रसिद्ध ‘लोटस’चा व्यवसाय उदयास आला, हें ध्यानांत घेतलें तर या खोपटांतील खटपटीस पोरखेळ म्हणण्यास कोणी धजणार नाहीं.

आरंभीं हे लोक कवच पत्र्याचें करीत. ॲल्युमिनियमचा पत्रा एका दिशेनें वांकविणें सोपें असतें; पण त्याला दोन्ही दिशांनीं गोलाई देणें हें कसबी ठोकाऱ्याचें काम असतें. म्हणून घरगुती गाड्या दिसावयास खोक्यासारख्या दिसत. ही अडचण कांचतंतूंनीं दूर केली. कांचेचे केसासारखे बारीक धागे काढून त्यांची चटई करावयाची, आणि ती पॉलिएस्टर राळेंत भिजवून सांच्यांत घट्ट होऊं द्यावयाची, ही युक्ति युद्धकाळांत अमेरिकेंत पुढें आली. प्रथम तिचा लाभ नौका बांधणाऱ्यांनीं घेतला. कॅलिफोर्नियांतील बिल ट्रिट हे असेच एक नौकाकार. १९५१ सालाच्या सुमारास त्यांनीं एका लष्करी अधिकाऱ्यासाठीं जीपच्या सांगाड्यावर फायबरग्लासचें कवच बसवून दिलें. १९५३ सालीं शेव्हरोले कंपनीची ‘कॉर्व्हेट’ फायबरग्लासचें अंग लेवून बाहेर पडली. इंग्लंडमध्यें त्याच दशकांत ‘ॲशली’, ‘फाल्कन’ इत्यादि लहान लहान कारखाने नुसतीं कवचें विकूं लागले. गिऱ्हाइकानें पैसे भरावे, कवच घरीं आणावें, आणि आपल्या जुन्या सांगाड्यावर बसवावें!

कवच तयार होण्याची रीत आपल्याकडे सांच्यांतून गणपति काढतात तिच्याशीं बरीच जुळते. सांच्याला आंतून मेण चोळतात. त्यावर रंगीत राळेचा पातळ थर देतात. तो बसला कीं कांचेच्या चटईचे तुकडे अंथरून त्यांत राळ दाबून दाबून भरतात. राळेंत मिसळलेल्या द्रव्यानें तिला आंतूनच उष्णता सुटते व ती दगडासारखी होते. परंतु घट्ट होतांना ती आकसते. पुरती पक्की होण्यापूर्वींच घाईनें सांच्यांतून काढलेलें कवच किंचित् वांकडें होतें, आणि एकाच सांच्यांतील दोन कवचें तंतोतंत सारखीं निघत नाहींत. कवच विकणाऱ्याच्या पत्रकांतील आंकड्यांवर विसंबून ज्यानें सांगाड्याची मापें ठरविलीं त्याची फजिती येथूनच सुरू होते. माप घ्यावयाचें तें हातांत आलेल्या कवचाचें.

आतां मुख्य मुद्दा. हें कवच दिसावयास कितीहि भरदार असलें तरी त्याच्या अंगीं भार वाहण्याचें बळ बेताचेंच असतें. फायबरग्लास पोलादाच्या मानानें पांचपट हलकें खरें. पण ताठपणांत तें पोलादाहून वीस-पंचवीसपट कमी भरतें. शिवाय जुनी बॉडी जेव्हां सांगाड्यावर होती तेव्हां ती त्यास नकळत टेका देत होती. ती काढून टाकली कीं सांगाडा एकटा पडतो. मोटारीच्या धंद्यांत ज्याला चासी म्हणतात ती ऑस्टिन सेव्हनची चासी म्हणजे पोलादाच्या दोन पन्हळी पट्ट्या. पुढें एकमेकींजवळ आणि मागें रुंदावत गेलेल्या, जणूं गलोलीचें बेचकें. मागच्या आंसापर्यंतहि त्या पोंचत नाहींत. त्यांच्या टोकांतून पाट्यांच्या कमानी मागें डोकावतात व आंस त्यांना जोडलेला असतो. खड्ड्यांत एक चाक गेलें कीं ही चौकट पिळवटते. वर ताठ बॉडी नाहीं, आणि पिळवटणाऱ्या सांगाड्यावर फायबरग्लास बोल्टांनीं आवळून बसविलेलें. मग पहिल्या पावसाळ्याच्या आंतच दाराच्या कोपऱ्यापासून बारीक भेगा निघूं लागतात. गृहस्थ कवच विकणाऱ्यास दोष देतो. खरा दोष खालीं असतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

यावर उपाय अगदीं साधा आहे, आणि त्यामागील तत्त्व ज्यानें बांबू हाताळला आहे त्यास तत्काळ कळेल. अखंड बांबू दोन्ही हातांत धरून पिळूं गेलें तर तो पिळला जात नाहीं. तोच उभा चिरून त्याची एक बाजू मोकळी केली कीं सहज पिळवटतो. पन्हळी पट्टी ही चिरलेल्या बांबूसारखी असते. तिच्या उघड्या बाजूवर पोलादाची सपाट पट्टी वेल्डिंगनें जोडून ती पेटीसारखी बंद केली कीं पीळ सोसण्याची तिची शक्ति अनेकपटींनीं वाढते. मग दोन्ही पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या, आणि कवचाच्या कडेपर्यंत पोंचणारे बाहेरचे हात, हीं बसवितात. मात्र तापलेलें पोलाद थंड होतांना जोडाच्या बाजूस ओढलें जातें. एका बाजूनें सलग वेल्डिंग करीत गेलेला सांगाडा केळ्यासारखा वांकतो. म्हणून जाणता कारागीर आधीं ठिकठिकाणीं केवळ टांके मारतो, मग उजवीकडे दोन बोटें, डावीकडे दोन बोटें, असा आळीपाळीनें जोड पुरा करतो. पेट्रोलची टाकी तो त्यापूर्वींच काढून दूर ठेवतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षां अधिक घातकी असते, कारण तिच्यांत राहिलेली वाफ एका ठिणगीची वाट पाहत असते.

कवच बसविण्याचा क्रमहि ठरलेला आहे. प्रथम सपाट जमिनीवर सांगाडा चार घोड्यांवर ठेवून पाणसळीनें समतल करावा. पुढून मागें मधोमध दोरी ताणावी, आणि ओळंब्यानें सांगाड्यावरील ठरीव जागा जमिनीवर उतरवून घ्याव्या. या जागांमधील दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे नसले तर सांगाडा पूर्वींच्या एखाद्या अपघातांत तिरका झालेला आहे असें समजून तो आधीं सरळ करावा. त्यानंतर चाकें चढवून, माणसें बसल्यावर गाडी जितकी दबेल तितकी ती वजन ठेवून दबवावी, आणि मगच कवच वर ठेवून पाहावें. चाक कमानीच्या मध्यावर येतें कीं नाहीं, पुढचीं चाकें पूर्ण वळविलीं असतां टायर कोठें घासतो, चाक वर उचललें तर किती जागा उरते, हें सर्व या वेळीं दिसून येतें. या क्षणापर्यंत हातांत करवत घेण्याचें कारण नसतें. ज्यांनीं ती आधींच घेतली त्यांचे सांगाडे भंगारवाल्याकडे गेले.

येथें बहुधा एक पेंच पडतो. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर जुन्या ऑस्टिन सेव्हनमध्यें ६ फूट ३ इंच होतें. पुढें तें ६ फूट ९ इंच झालें. लहान फोर्ड गाडीचें तेंच अंतर ७ फूट ६ इंच. कवच एका मापाचें आणि सांगाडा दुसऱ्या मापाचा, असें झालें म्हणजे चाक कमानीखालीं न येतां अर्धे बाहेर डोकावतें. अशा वेळीं दोन मार्ग असतात. पहिला, सांगाडा कापून लांबविणें. यांत भर घातलेल्या तुकड्याचा जोड सरळ आडवा घेऊन भागत नाहीं. तो तिरका घेऊन दोन्ही अंगांनीं पट्ट्या लावाव्या लागतात. शिवाय एंजिनपासून मागें जाणारा फिरता दांडा आणि ब्रेकच्या तारा याहि लांबवाव्या लागतात. फिरत्या दांड्याचा समतोल अंमळ चुकला तरी तो वेगांत थरथरूं लागतो, आणि तो तर माणसांच्या अंगाशींच असतो. दुसरा मार्ग म्हणजे कवचच आडवें कापून, मध्यें जागा सोडून, आंतून नव्या चटईनें व राळेनें सांधणें. कापलेलें फायबरग्लास खरडून, स्वच्छ करून सांधलें तर मूळच्या इतकेंच मजबूत होऊं शकतें, व चुकलें तरी पुन्हां कापतां येतें. पोलादाच्या बाबतींत चूक इतकी क्षमाशील नसते. म्हणून अनुभवी लोकांचा दंडक असा कीं, कातड्यानें भागत असेल तर हाडास हात लावूं नये. कवचाची रेषा थोडी बिघडते खरी. पण बिघडलेल्या रेषेनें कोणी मरत नाहीं.

फायबरग्लासचीं बहुतेक कवचें ठेंगणीं, जमिनीलगत धांवणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांसारखीं असत. जुना सांगाडा मात्र उंच बसणाऱ्या कुटुंबवत्सल गाडीचा. तो खालीं आणण्याकरितां कमानीचे पाटे सपाट करावे लागत. फोर्डच्या बाबतींत लेस्ली बॅलमी यांनीं पुढचा अखंड आंस मधोमध कापून दोन्ही चाकें स्वतंत्रपणें हलतील अशी योजना प्रचारांत आणली होती. परंतु एक गोष्ट खालीं आणली कीं दुसऱ्या दहा गोष्टी आपली जागा सोडतात. स्टिअरिंगचा दांडा आडवा करावा लागतो; त्याच्या जोडदांड्यांचे कोन बिघडले तर खड्ड्यांत चाक वर जातांच गाडी आपोआप वळूं पाहते. रेडिएटरची गोष्ट तर फारच मार्मिक आहे. त्या जुन्या एंजिनांत पाणी खेळविण्यास पंप नव्हता. ऊन पाणी हलकें होऊन वर चढे, रेडिएटरच्या माथ्यांतून खालीं उतरतांना निवे, आणि थंड होऊन पुन्हां एंजिनच्या तळाशीं येई. गाडीचें नाक सुबक दिसावें म्हणून ज्यानें रेडिएटर खालीं दडपला त्याचें पाणी वर चढून जाणार कोठें? त्याचा प्रवाह खुंटतो, आणि पहिल्याच चढावर एंजिन कढईसारखें उकळूं लागतें. मग वर एक लहानशी वेगळी टाकी तरी बसवावी लागे, नाहीं तर पंप तरी जोडावा लागे. निसर्गाच्या नियमांना नव्या फॅशनची भीड नसते.

कवच जागेवर बसल्यानंतर तें बांधण्याची कलाहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. पोलादाच्या दोन पट्ट्या बोल्टनें आवळाव्या तसें फायबरग्लास आवळून चालत नाहीं. बोल्टच्या डोक्याखालीं मोठी चकती आणि कवच व सांगाडा यांमध्यें रबराची गादी असावी लागते; एरवीं भोंकाभोंवतीं चांदणीच्या आकाराची भेग उमटते. कवच व सांगाड्याचा हात यांत फट राहिली तर ती पत्र्याच्या तुकड्यांनीं भरून काढावी. कवच ओढून खालीं आणूं नये, कारण ओढलेलें कवच तो ताण जन्मभर बाळगतें आणि कधीं तरी तडकून मोकळें होतें. दाराचे बिजागर व कुलूप हीं नुसत्या कवचावर न बसवितां त्यामागें सांगाड्यापासून उभ्या केलेल्या पोलादी नळीवर बसवावींत. बसणाऱ्यांच्या सुरक्षापट्ट्यांचीं टोकें तर सांगाड्यालाच जखडलीं पाहिजेत. धक्क्याच्या वेळीं पट्टा फायबरग्लासचा तुकडा उपटून घेऊन माणसासह पुढें येईल. आणखी एक गोष्ट नवख्यास चकविते. पत्र्याच्या गाडींत दिव्याकडे एकच तार नेतात, कारण परतीचा विजेचा मार्ग पत्र्यांतून जातो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाहीं. म्हणून प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. सर्व जुळवून झाल्यावर रात्रीं कळ दाबावी आणि एकहि दिवा लागूं नये, अशी फजिती ज्या गृहस्थांची झाली त्यांचें कारण बहुधा एवढेंच असे.

या उद्योगांत शरीरासहि जपावें लागतें. फायबरग्लास घांसतांना उडणारी धूळ फुप्फुसांस अपाय करते, म्हणून नाकातोंडावर चांगला मुखवटा हवा. आणि राळ घट्ट करणाऱ्या द्रव्याचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टीस कायमची इजा होऊं शकते, म्हणून चष्मा हवा. बंद खोलींत हें काम करूं नये.

पण याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. कवचाची चकाकी जगाला दिसते. खालचे जोड कोणास दिसत नाहींत. एखाद्यानें सहा महिने खपून कवच आरशासारखें घांसलें आणि ब्रेकच्या तारा मात्र जुन्याच ठेवल्या, तर शेजारी त्याची वाहवाच करतील. परंतु ती गाडी त्याच्या बायकामुलांना घेऊन रस्त्यावर जाणार असते, आणि समोरून दुसऱ्यांचीं मुलें चालत येत असतात. इंग्लंडमध्यें १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग तपासण्याची सक्ति झाली. ही मर्यादा लौकरच सात वर्षांवर व १९६७ सालीं तीन वर्षांवर आली. मूळच्या जुन्या सांगाड्यांवर उभारलेल्या कित्येक देखण्या गाड्या या तपासणीपुढें टिकल्या नाहींत. त्याच सुमारास स्वस्त व चपळ अशा नव्या गाड्याहि बाजारांत आल्या, आणि छंदाची पहिली लाट ओसरली. छंद मात्र मेला नाहीं. १९९६ सालीं रॉन चँपियन या शिक्षकानें थोडक्या पैशांत घरीं गाडी कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलें, तेव्हां पुन्हां अनेकांनीं नळ्या कापावयास घेतल्या. १९९८ सालापासून अशा घरगुती गाड्यांसाठीं तेथें स्वतंत्र तपासणी सुरू झाली व २००९ सालीं तिची जागा अधिक कडक तपासणीनें घेतली. सुरक्षापट्ट्यांचे जोड, ब्रेक, दिवे, इतकेंच काय, बाहेरच्या कडा धारदार आहेत कीं काय, हेंहि तींत पाहतात.

सांगाडा आणि कवच यांच्या वादाचा निकाल लोटस कंपनीनें दोन निरनिराळ्या रीतींनीं लावून पाहिला. १९५७ सालीं लोकांपुढें आलेल्या तिच्या ‘एलीट’ गाडींत स्वतंत्र सांगाडाच नव्हता. फायबरग्लासचें अंगच सर्व भार वाही, व जेथें ताण अधिक तेथें त्यांत पोलाद गोंवलेलें होतें. गाडी सुंदर होती, पण बनविण्यास फार खर्चाची. १९६२ सालच्या ‘इलान’ गाडींत त्यांनीं पोलादी पत्र्याचा एक पाठीचा कणा केला, आणि चाकें, एंजिन, सर्व त्यालाच टांगलें. कवचाकडे मुख्यत्वें ऊनपाऊस अडविण्याचें व रूपाचें काम उरलें. घरगुती कारागिरास यांतून घेण्याजोगा धडा दुसऱ्या गाडीचा आहे.

आपल्या देशांत फायबरग्लासच्या गाड्या अगदींच अपरिचित नाहींत. बंगळूरच्या सिपानी कंपनीची १९८२ सालची ‘डॉल्फिन’ ही गाडी इंग्लंडच्या ‘रिलायंट किटन’वरून घेतलेली व फायबरग्लासच्या अंगाची होती. परंतु घरीं सांगाडा कापून त्यावर नवें कवच चढविण्याच्या मोहांत पडणाऱ्या तरुणांनीं एक गोष्ट आधींच समजून घ्यावी. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखानदाराच्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधन बदलण्यासारखे कांहीं अपवाद तेवढे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ कायम केला. तेव्हां असा प्रयोग करावयाचाच तर तो शाळा-महाविद्यालयांच्या कर्मशाळेंत किंवा खासगी आवारांत, शिकण्यासाठीं करावा. तेथेंहि त्यापासून मिळणारें ज्ञान थोडकें नाहीं. पीळ म्हणजे काय, उष्णतेनें धातु कसा ओढला जातो, पाणी आपोआप वर कां चढतें, विजेला परतीची वाट कां लागते, हे पुस्तकांतील धडे त्या एका सांगाड्यापाशीं हातास लागतात.

मात्र या विद्येचा पहिला धडा मापाचा आहे. दोरी, ओळंबा आणि पाणसळ हीं सर्वांत स्वस्त हत्यारें. आणि तीं बाजूला ठेवून ज्यानें थेट करवत उचलली त्यालाच हा छंद सर्वांत महाग पडला आहे.